गाणारा नसलेली कॅसेट

काल संध्याकाळी नातीनं मोबाईलवर नुसत्या बासरी-संतूरचं काहीतरी लावलं. "आजी, थंडीत ऐकायला लई छान वाटतं बघ," म्हणाली. छानच होतं, पण मला काही तिथं बसवेना बाई.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मुरुडात भजनाला पुढं बसून गायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. पुढं घरात कुणी गाणं लावलं की ते उठून बाहेर जायचे. म्हणून त्या हिवाळ्यात भावानं लातूरहून मुद्दाम गाणारा नसलेली कॅसेट आणली. हुरड्याला शेतात गेलो तेव्हा टेपरेकॉर्डर सोबत नेला. आगटीचा धूर, कोवळ्या ज्वारीचा गोडसर वास आणि त्यात ती बासरी.

आई गरम कणसं चोळता चोळता म्हणाली, "आरं, ह्यात गाणारा कुठाय? दुकानदारानं फसवलं की तुला!"

"आई, ही अशीच असती. नुसतं वाजवतेत."

"मंग गायचं कुणी?"

आम्ही खो खो हसलो. अण्णांनी मात्र डोळे मिटून मांडीवर ताल धरला होता. सम आली तशी त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं. नुसता वारा निघाला. बासरी पुढं निघून गेली.

आईनं त्यांच्या ओंजळीत हुरडा घातला. "खावा, निवून जाईल."

तेव्हा वाटलं, सवयीनं झालं असेल. भावाला तर वाटलेलं, गाणारा नसला की अण्णांना दुखणार नाही. आता कळतं, गाणारा नव्हता म्हणूनच अण्णांना वाटलं, आपल्याला बोलावलंय.