शबनमनं पेरलेली अफवा

परंड्याच्या बसस्थानकामागं गाळ्यांची एक रांग आहे. त्यातला जिन्याखालचा गाळा शबनमचा. वडील गेल्यापासून ती तिथं बायकांचे कपडे शिवते आणि आई नि धाकटी बहीण निखत यांचं घर चालवते. जिन्याखाली मोबाइलची रेंज येत नाही, म्हणून तिनं समोरच्या इरशादकडून वायफाय घेतलं होतं. इरशादचं मोबाइलचं दुकान. रांगेतल्या सगळ्या गाळ्यांना इंटरनेटची जोडणी त्याचीच.

मागच्या साली निखत फार खचली होती. झोप नाही, जेवण नाही, दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून. शबनमनं गाळ्यात बसून सोलापूरच्या एका मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याची वेबसाइट शोधली आणि तिला घेऊन गेली. औषधांनी पोरगी सावरली. आईलासुद्धा त्यांनी "डोळे दाखवायला जातो" असंच सांगितलं होतं.

पुढं निखतला ईट गावचं स्थळ आलं, पसंती झाली, आणि एक दिवस मुलाच्या आईचा फोन आला.

"येड्याच्या डॉक्टरकडं नेता पोरीला, आन् आमास्नी सांगत न्हाय व्हय?"

स्थळ मोडलं. निखत रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आपा, तू कुणाजवळ बोललीस?"

त्या प्रश्नानं शबनम पेटली. ती कुणाजवळच बोलली नव्हती. पण ईटच्या लोकांना ही बातमी इरशादनं दिली, एवढं तिनं शोधून काढलं. त्याचं कारणही तिला ठाऊक होतं. इरशादनं आपल्या भावासाठी, समदसाठी, निखतला मागणी घातली होती आणि शबनमनं नकार दिला होता. पण त्याला कळलं कसं?

तिच्याकडं ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या भैरवी मॅडम कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. शबनमनं त्यांना विचारलं.

"वायफाय त्याचं ना?" त्या म्हणाल्या. "मग तू कुठल्या साइटवर गेलीस ते त्याला बघता येतं. आत काय लिहिलंस ते सहसा दिसत नाही. पण दवाखान्याचं नाव दिसलं की पुरे."

त्यांनी तिच्या फोनवर व्हीपीएन टाकून दिलं. "हे चालू ठेव. तुझं सगळं कुलूपबंद होऊन आधी यांच्या सर्व्हरवर जातं, तिथून पुढं. तू त्या सर्व्हरशी जोडली गेलीस, एवढंच इरशादला दिसेल. पुढचं काही नाही."

"मग त्या सर्व्हरवाल्यांना दिसंल की, मॅडम."

"दिसू शकतं. म्हणून फुकटातलं कुठलंही ॲप घ्यायचं नाही. हे मी स्वतः वापरते. आणि तू पोलिसांत तक्रार दे."

"देते. पण आधी त्याला त्याच्याच लोकांसमोर उभा करायचाय." शबनमनं फोन हातात घेतला. "हे मला पाहिजे तवा बंद बी करता येतं का?"

मॅडमनी तिला ते बंद करायचं बटण दाखवलं.

त्यानंतर निखत गाळ्यातच बसून सोलापूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलू लागली. तेव्हा व्हीपीएन चालू असायचं. ते संपलं की शबनम व्हीपीएन बंद करायची आणि पुण्यातल्या एका डायलिसिस सेंटरची वेबसाइट उघडायची. सकाळी, दुपारी, रोज. तिच्या घरात कुणाच्याही किडनीला काही झालेलं नव्हतं.

आठवडाभरात गिऱ्हाइकं तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघू लागली. एकीनं शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. "तुमच्यानं व्हायचं न्हाय आता, आराम करा." शबनमनं कापड घडी घालून दिलं आणि ती गेल्यावर आतल्या आत हसली. मासा गळाला लागला होता.

समदचं लग्न जमलं, मंगनीचा दिवस ठरला. आमंत्रण घेऊन इरशादची आई, बिस्मिल्लाबी, स्वतः आली. म्हातारीचा शबनमवर जुना जीव. तिच्या हातून हा घाव घालायचा, हे शबनमला क्षणभर टोचलं. मग तिला निखतचा तो प्रश्न आठवला आणि तिनं येते म्हणून सांगितलं.

मंगनीला इरशादचं घर भरलं होतं. आत बायका, पडद्यापलीकडं पुरुष. नवरीच्या घरचंही रांगेतच दुकान होतं; शबनम मुद्दाम तिच्या आईशेजारी बसली. बिस्मिल्लाबीनं शरबत देता देता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"बेटी, किडनीचं काय म्हणाले डॉक्टर?"

"कुणी सांगितलं, खाला?"

"इरशाद म्हणाला. लई वाईट वाटलं बघ."

शबनम उभी राहिली. पडद्यापलीकडं जाईल असा तिनं आवाज लावला.

"मला कसलाबी आजार न्हाय. म्या कुणाला सांगितलं न्हाय, कुठं गेले न्हाय. फक्त गाळ्यातल्या वायफायवर त्या दवाखान्याची वेबसाइट उघडत होते. ती बघणारा एकच माणूस. इरशादभाई, बाहेर या आन् सांगा, अजून कुणाकुणाच्या फोनमधलं बघता? माझ्या बहिणीचं स्थळ असंच मोडलंत न्हाय का?"

पलीकडं सगळ्यांनी ऐकलं. रांगेतले निम्मे दुकानदार तिथंच बसले होते. इरशाद पडद्याजवळ आला, पण पडदा सारून पुढं आला नाही. नवरीच्या आईनं शरबताचा ग्लास खाली ठेवला.

"आमच्या दुकानात बी तुमचंच वायफाय हाय," ती म्हणाली. "माझ्या पोरी तिथंच बसत्यात." आणि तिनं लेकीला हाताला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यागाळ्यांतून वायरी ओढून काढल्या गेल्या. शबनम आपल्या दारात उभी राहून शेवटची वायर निघेपर्यंत बघत होती. मग ती पोलीस ठाण्यात गेली. भैरवी मॅडम सोबत होत्या. इरशादला चौकशीला बोलावलं. त्याचं दुकान महिनाभरही टिकलं नाही. आता तो कुर्डुवाडीला दुसऱ्याच्या दुकानात कामाला जातो. एकदा तो माफी मागायला आला होता. शबनमनं मशीन थांबवलं नाही.

ईटच्या त्या मुलाच्या आईनं लग्न पुन्हा जुळवायचा निरोप पाठवला. शबनमनं तो निखतला सांगितला आणि निखतनंच नको म्हटलं.

समदचं लग्न मात्र झालं नाही. बिस्मिल्लाबी रस्त्यात दिसली की मान फिरवते.

"समदचं काय चुकलं होतं, आपा?" निखतनं एकदा विचारलं.

"तुझं काय चुकलं होतं?" शबनम म्हणाली.

निखतनं समोरचा ब्लाउज ओढला आणि हुक लावायला घेतले.