साडूभाऊंचा अंदाज

सबंध हिंगोली जिल्ह्यात माझ्या साडूंइतकं बिनकामाचं ज्ञान दुसऱ्या कुणाजवळ नसेल, आणि त्या ज्ञानाबद्दल त्यांच्याइतका मानही दुसऱ्या कुणाला मिळत नसेल. पहिल्या गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. दुसरी मला आजवर पचलेली नाही. ते माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सेनगावात त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान आहे. पण त्यांचा जीव असतो टीव्हीवरच्या त्या कार्यक्रमात. पंधरा-सोळा माणसं एका घरात कोंडायची, आपसात भांडू द्यायची आणि दर आठवड्याला लोकांच्या मतांवरून एकाला बाहेर काढायचं, असा तो प्रकार. या हप्त्यात कोण जाणार, हे साडू आधीच सांगतात आणि बहुतेक वेळा तसंच होतं.

यात माझं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. पुसेगावी आमचे सासरे असतात. गुडघ्यांनी त्यांना घरी बसवल्यापासून हा कार्यक्रम हाच त्यांचा विरंगुळा. दर शनिवारी सकाळी ते साडूंना फोन लावतात, "जावईबापू, या खेपेला कोण?" मी थोरला जावई. लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद मी सांभाळले, सातबाऱ्यावरची नावाची चूक पाच चकरा मारून मीच दुरुस्त करून आणली. पण 'तुम्हाला काय वाटतं?' असा फोन मला कधी आला नाही. तो एकदा तरी यावा, एवढंच माझं मागणं.

म्हणून यंदा मी रीतसर वही घातली. कोण किती वेळ पडद्यावर दिसलं, किती भांडणं केली, किती वेळा रडलं, सगळ्याचे रकाने पाडले. दहा हप्त्यांनंतर हिशोब असा: साडू आठ वेळा बरोबर, मी तीन वेळा. त्यांच्याकडे वही नाही, रकाने नाहीत. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणतात, "ती कुरळ्या केसांची पोरगी जाईन बघा. तिचं आता कुणासंगच वाकडं न्हाई." आणि जाते!

हे शास्त्र ते टीव्हीपुरतं ठेवतात असंही नाही. दुकानात दोन कामगार आहेत, तर दर सोमवारी त्यातला एक कॅप्टन होतो. कॅप्टनला आठवडाभर झाडू माफ. एकदा आम्ही दोघं जीपने हिंगोलीला येत होतो. खिडकीच्या जागेवरून दोन पाव्हण्यांची जुंपली. साडू दोघांनाही कानात सांगून आले, "तुमचंच बराबर हाये, मागं हटू नका." दोघं भांडत खाली उतरले, साडू खिडकीशी बसले. मी मात्र नियमाने आधी नंबर लावलेला, तो कळमनुरीच्या एका बाईंच्या कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन आलो. तेव्हा ते खिडकीतून वारा खात म्हणाले, "साडूभाऊ, तुमी त्या घरात गेलात तर दुसऱ्या हप्त्यात वापस. भांडणार न्हाई, रडणार न्हाई, टायमावर भांडे घासणार. क्यामेऱ्यानं काय भिताडाकडं बघावं का?" पुढे हे वाक्य त्यांनी सासुरवाडीत सगळ्यांसमोर सांगितलं. सगळे हसले. सगळ्यात जास्त माझी बायको.

अशात अधिकमास आला आणि धोंड्याच्या जेवणाला दोन्ही जावयांना पुसेगावचं बोलावणं आलं. जावयाला तेहतीस अनारसे द्यायची रीत. मी मोजले, मला तेहतीस, साडूंनाही तेहतीस. त्यांच्यातला एकही फुटलेला नव्हता. माझे चार फुटलेले होते.

जेवणं झाल्यावर साडूंनी टूम काढली, "आज आपल्या घरातलं वोटिंग करू. बाहेर कुणाला काढायचं न्हाई, सणासुदीचं. घरात ठेवायचाच एक माणूस, तो कोण ते लिहा. सोताचं नाव लिहायचं न्हाई."

सासरे एकदम ताठ बसले. "मोजील कोण?"

"मोठे दाजी मोजतेन," मेहुणा म्हणाला. "त्यांच्यावानी पक्कं कोण हाये?"

मोजायला माझी आठवण होते. मतदार सात: सासू, सासरे, मेहुणा, दोघी बहिणी आणि आम्ही दोघं जावई. सकाळपासून चुलीपुढे बसलेल्या सासूबाईंना मी प्रामाणिकपणे मत दिलं. मग सात चिठ्ठ्या उघडून निकाल वाचला: धाकटे जावई चार, सासूबाई दोन, थोरले जावई एक. "बघा, म्या न्हाई सांगितलं?" म्हणत सासरे टाळ्या वाजवायला लागले. साडूंनी उभं राहून त्या कार्यक्रमातल्या विजेत्यासारखे दोन्ही हात जोडले. मला ते बघवलं नाही. पण एक मत होतं, तेवढ्यावर मी तग धरून होतो.

परतताना मोटारसायकलवर मी बायकोला म्हटलं, "बरं झालं, तू तरी मला दिलंस."

तिने मागे पदर सावरला. मग ती म्हणाली, "मी तर आईला दिलं ओ. राग येऊन राहिला का?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. हिशोब साधा होता. सासूबाईंची दोन्ही मतं आमची दोघांची. साडूंना स्वतःला देता येत नव्हतं, म्हणजे त्यांची चार मतं उरलेल्या चौघांची. राहिला एकच मतदार.

खरं सांगायचं तर आधी संतापच आला. माझ्या पारड्यात कुणी काही टाकणार नाही, हाही अंदाज त्या माणसाने आधीच बांधला होता आणि तोही बरोबर ठरला होता.

शुक्रवारी मीच त्यांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तोंडातून निघून गेलं, "या हप्त्यात कोण?"

ते म्हणाले, "तुमाला काय वाटतं, साडूभाऊ?"

मी वहीतले आकडे बघून त्या घरातल्या एका पहिलवानाचं नाव सांगितलं, कारणांसकट. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाले, "बराबर हाये. तोच जाईन."

रविवारी पहिलवान राहिला आणि दुसरंच कुणी गेलं. सोमवारी सासऱ्यांचा मला फोन आला. "धाकटे या खेपेला कसे काय चुकले हो? शनिवारी मला छातीठोक सांगितलं, पहिलवान जाईन म्हणून. तुमाला काय वाटतं, काहून चुकले असतेन?"

बावीस वर्षांनी मला विचारलेला तो प्रश्न. पहिलवानाचं नाव साडूंचं नव्हतं, माझं होतं, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी," आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. अजून सांगितलेलं नाही. साडूंनीही सांगितलेलं नाही.