पिनेचे कान

नाना चहाची बशी दोन बोटांवर तोलत. विमानाची दांडीही तशीच धरायला सांगत. "मूठ आवळलीस की विमान तुझं नाही, तुझ्या भीतीचं ऐकतं." मला ते बोलणं म्हाताऱ्याची पोपटपंची वाटे.

सिल्वासाजवळ सायलीच्या एका कारखान्यात आम्ही दोघे इंजिनिअर होतो. ते नाशिकचे, मी पुण्याचा. ऐंशीच्या दशकात सुट्टीच्या दिवशी कारखान्याचे मालक असलेल्या शेठच्या रिकाम्या शेडमध्ये त्यांनी एका माणसापुरतं विमान बांधलं. मी ग्लायडिंग शिकलेलो, म्हणून उडवणारा मी. एखादा खान्देशी फिटर डोकावून विचारी, "साहेब, हाई इमान उडी का?" नाना म्हणत, "उडेल रे. उतरेल का, ते विचार."

उडालं, पण फार चळवळं निघालं. दांडी जराशी ओढली की नाक थेट वर. मग नानांनी दांडीखालच्या पट्टीला आणखी एक भोक पाडलं. शेपटीकडे जाणारी सळई या आतल्या भोकात जोडली की तेवढ्याच ओढीला शेपटी कमी हले. विमान शहाण्यासारखं वागू लागलं. सळई भोकात अडकवून ठेवणाऱ्या पिनेची दोन टोकं, म्हणजे तिचे कान, ते एक इकडे, एक तिकडे वळवत. मी घाईत दोन्ही एकाच बाजूला दाबायचो आणि शिव्या खायचो.

"नाना, याचा तर टेम्पो केलात तुम्ही."

"टेम्पोवाले रोज घरी पोचतात, लेका."

शेठ पाहुणे घेऊन येणार होते, त्या सकाळी मी गुपचूप सळई पुन्हा बाहेरच्या भोकात जोडली. मला झोकात उडवून दाखवायचं होतं. शेठ आले आणि म्हणाले, "ज्याने बांधलं, तोच आधी बसू दे." नानाही बेताचं उडवायला शिकले होते. लहान मुलासारखे खुलून बसले. बोललो असतो तर पाहुण्यांपुढे माझी फजिती झाली असती.

त्यांनी सवयीनं ओढायची तेवढीच दांडी ओढली. विमान उभंच्या उभं झालं आणि राखोलीच्या माळावर एका पंखावर कोसळलं. नानांचा उजवा हात कायमचा गेला. शेठ म्हणाले, "हवे आ रमकडुं बंद करो." खेळणं! नानांचा हिशेब चुकला, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही मान डोलावली.

दवाखान्यात आम्ही दोघेच असताना ते म्हणाले, "पडल्यापडल्या पिन बघितली मी. दोन्ही कान एकाच बाजूला. किती वेळा सांगितलं तुला." यापलीकडे एक शब्द नाही, मला नाही, कुणालाच नाही.

ते नाशिकला परतले, पुढे तिथेच वारले. त्यानंतर घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीनं चहा देत विचारलं, "काका, बाबांचं नेमकं चुकलं कुठे?"

"वारा फिरला," मी म्हणालो.

पोरी, त्या दिवशी वाराच नव्हता.