काळ्या डबीविरुद्धचा अर्ज

वाशीमच्या कचेरीसमोर बसून मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले; हे मात्र आजवर कुठल्याही कागदावर उतरू दिले नाही. आपणांस सांगतो, कारण — कारण असू द्या.

अनसिंगच्या किराणा दुकानदाराची मुलगी नूतन एक काळी डबी घेऊन मजकडे आली. थ्रीडी प्रिंटरवर तिने स्वतः बनवलेली. एका बाजूस बारीक दिवा, समोर उजेड मोजणारा सेन्सर, मध्ये पाण्याची कुपी. पाणी गढूळ, तर उजेड कमी पोचतो. गावच्या टाकीवर ती बसवण्याची परवानगी तिला हवी होती. तो अर्ज मीच लिहिला.

परंतु डबी आतून इतकी काळीकुट्ट कशासाठी?

“बाहेरचा उजेड आत गेला तं मोजमाप चुकते, काका.”

आणि अर्जात तिने लिहवलेली किंमत इतकी कमी कशी? दुकानदाराची मुलगी नफ्याविना काही करील काय? मी आठवी शिकलेला. जे मला उमगत नाही त्यात काळेबेरे असणारच, ही माझी — खात्री म्हणावी, की अहंकार? त्याच आठवड्यात मी दुसरा अर्ज टाकला. निनावी, अक्षर बदलून. डबीत छुपा कॅमेरा असून पाणी भरणाऱ्या स्त्रियांवर नजर ठेवली जाणार आहे, असा.

डबी जप्त झाली. नूतनकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो लिहून घ्यायला ती कोणाकडे येणार? निनावी अर्जाची झेरॉक्स तिने माझ्यापुढेच ठेवली.

“कोनं लेह्यलं असन, काका? पन लेहनारा लय हुशार दिसते. वाचून बाबा बी घाबरले.”

मला लाज वाटली, असे येथे लिहावयास हवे. मला आनंद झाला.

आणि पुढचे? “येवढं लेहाच, काका — डबी सगळ्यायसमोर उघडून पाहा,” असे ती पुनःपुन्हा सांगत होती. अर्ज वाचून दाखवायचा, मग सही घ्यायची, ही आमची रीत. ते वाक्य मी मोठ्याने वाचले. कागदावर ते नव्हते. माझाच अर्ज माझ्याच खुलाशापुढे हरावा, हे मला सोसले नाही. शिकलेली मुलगी, तरी न वाचता, विश्वासाने तिने सही केली.

परवानगी नाकारली गेली. डबी कचेरीच्या कपाटात लाखेने बंद आहे. ती कोणीही उघडून पाहिली नाही.

कधी अनसिंगला गेलो, तर नूतन दुकानातून हाक मारते, “या काका, बसा,” आणि टाकीच्या पाण्याचा पेला पुढे करते. मी तो हाती घेतो आणि ओठी लावण्यापूर्वी — उजेडात धरून पाहतो.