इस्माईलचाचांच्या कानांची परीक्षा

आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते इस्माईलचाचांचे. नामपूरहून बी.एस्सी.साठी नाशिकला आलो, तेव्हा सातपूरला त्यांच्या गच्चीवरची खोली बघायला गेलो होतो. पन्नाशीचा एक माणूस कारखान्याच्या खाकी कपड्यांतच डोळे मिटून इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता. मी दारात उभा राहिलो.

"खोली बघायला आलास का गाणं ऐकायला?"

"मला इंग्रजी गाणी समजत नाहीत," मी खरं ते सांगून टाकलं. त्यावरून कॉलेजात पहिल्याच आठवड्यात माझं हसं झालं होतं.

"मग बस. हे समजेल. ह्याच्यात कोणी गातच नाय."

पॉप असो की रॉक, चाचांना नुसती वाद्यं लागत. "गाणारा आला की सगळे त्याच्या तोंडाकडं बघतात. गिटारवाल्याकडं कोण बघतंय?" असं ते म्हणायचे. दर रविवारी सकाळी त्यांचे तीन मित्र यायचे. ड्रम, कीबोर्ड, बेस आणि चाचांची गिटार. लग्नात जेवणं चालू असताना हे चौघं वाजवत. लोक जिलबी खात असायचे, चाचा मात्र मोठ्या मैफलीत बसल्यासारखे वाजवायचे. एकेका धूनमधलं एकेक वाद्य वेगळं ऐकायला त्यांनी मला शिकवलं. "बेस ऐक. तो थांबला की कळतं तो होता. आपल्या कामगारांसारखा." माझ्या परीक्षेच्या महिन्यात ते गिटारची वायर अँप्लिफायरला लावत नसत, नुसत्या तारांचा बारीक आवाज वर यायचा. पुढे सेफ्टीचा कोर्स करायला त्यांनीच लावलं. त्यांच्याच कारखान्यात मी सेफ्टी विभागात ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा पेढे त्यांनी वाटले. "आमच्या घरातला पहिला साहेब," असं सांगत ते सगळ्या प्रेस शॉपभर फिरले.

प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकणाऱ्या मशीनचा आवाज दिवसभर छातीत घुमतो. चाचा तिथं पंचवीस वर्षं होते. कानात बोळे घालायचा त्यांना कंटाळा. एका रविवारी जुनी धून ऐकताना ते म्हणाले, "ह्या रेकॉर्डिंगमध्ये झांज होती ना रे? कुठं गेली?" झांज तिथंच होती. मला स्वच्छ ऐकू येत होती. मी म्हणालो, "मोबाइलचा स्पीकर खराब असेल."

त्याच महिन्यात कारखान्यात कान तपासायची गाडी आली. आत काचेची खोली. कामगारानं हेडफोन लावून बसायचं आणि बारीक 'टीं' ऐकू आलं की हातातलं बटण दाबायचं. तपासणारा कंटाळलेला होता, ठराविक अंतरानं आवाज सोडत होता. मी त्याच्या शेजारी नावं लिहायला बसलो होतो. काचेपलीकडे चाचांच्या बुटाचा चवडा हलताना दिसला. एक, दोन, तीन, बटण. एक, दोन, तीन, बटण. ते ऐकत नव्हते, मोजत होते.

"वय झालं, पण कान पोरासारखे आहेत!" तपासणारा म्हणाला. कागदावर सेफ्टी विभागाची सही लागत होती. मी केली.

बाहेर आल्यावर चाचांनी डोळा मारला. "लय सोपं. सरळ चारचा ठेका होता." मग माझा दंड धरून हळूच म्हणाले, "कुठं बोलू नको, बेटा. नापास झालो तर पॅकिंगला टाकतील. मग रविवारी हेच तिघं म्हणतील, बहिऱ्याला कशाला घ्यायचं?" मी हसलो. खरं सांगतो, मला त्यांचा अभिमानच वाटला.

पुढची तीन वर्षं ते प्रेस शॉपमध्येच राहिले. माझी बदली पुण्याला झाली. मग एका रविवारी सराव करताना तिघं थांबले आणि चाचा एकटेच वाजवत राहिले. ड्रमवाल्यानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी गिटार कव्हरमध्ये घातली, ती पुन्हा काढली नाही. हे मला चाचींनी सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "संजय, आता फोन नको करू रे. ते हां हां करतात, फोन ठेवतात आणि मग मला विचारतात, काय म्हणत होता?"

त्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं होतं:

"चाचा, सलाम.

त्या दिवशी तुम्ही मोजत होता हे मला काचेतून दिसत होतं. तरी मी सही केली. तुमचा मान राखला असं मला वाटलं. राखायला हवे होते ते कान. तुम्ही म्हणाल, मीच सांगितलं होतं गप्प राहायला. पण बोलणं हेच माझं काम होतं, आणि ते तुम्हीच मला मिळवून दिलं होतं.

इथं पुण्यात कान तपासताना मी आता आवाज कमी-जास्त अंतरानं सोडायला लावतो. नापास झालेल्या चार कामगारांना प्रेस शॉपमधून काढून पॅकिंगला टाकलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यातला एक भजनात ढोलकी वाजवतो. त्याला अजून ऐकू येतं.

माफी मागत नाही. रविवारी येतो. दारातून हाक मारणार नाही, समोर येऊन उभा राहीन.

तुमचा,
संजय"