जेनोवेफाच्या लग्नातला नाच

माझी मावसबहीण जेनोवेफा शिकागोच्या एका नाचघरात पैसे घेऊन नाचायची. पुरुषांनी तिकीट काढायचं, तिनं एका गाण्यापुरतं त्यांच्याबरोबर नाचायचं. तिकिटाचे अर्धे पैसे मालकाचे, अर्धे तिचे. घरी मात्र टेलिफोन ऑफिसात नोकरी लागल्याचं सांगितलेलं. कामावरून येऊन सुजलेले पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसणारी टेलिफोनवाली मी तरी दुसरी पाहिली नाही. पण मावशीला शंका आली नाही, किंवा तिनं ती येऊ दिली नाही.

मग आमच्याच चर्चमधल्या एकानं तिला तिथं पाहिलं. तो स्वतः तिथं कशाला गेला होता, हे कुणी विचारलं नाही. तिचे वडील, वालेन्ती काका, कत्तलखान्यात राबणारे, हट्टी. त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं. तिच्या कमाईचं सॉसेज मात्र पानात चालत होतं. मला त्याचा अजून राग येतो.

पुढे झिगमुंट नावाच्या भल्या सुतारानं सगळं माहीत असून तिला मागणी घातली. अडलं ते नवरीच्या नाचापाशी. आम्हा पोलिश लोकांत करवली एप्रन पसरून उभी राहते, पाहुण्यांनी त्यात डॉलर टाकायचा आणि नवरीशी नाचायचं. पहिला मान बापाचा. सासू म्हणाली, आपण हा नाच नकोच ठेवूया, लोक हसतील.

"हसू देत," जेनोवेफा म्हणाली. "प्रत्येकीचा बाप नाचतो. माझा उठतो का, ते मला बघायचंय."

लग्नात एप्रन धरून मीच उभी होते. व्हायोलिन सुरू झालं. काका पाठ करून बसलेले, आणि बापाआधी पुढे यायचं कुणी? मागून एकजण म्हणाला, "लाजता कशाला? तिला सवय आहे."

दोन-चार जण हसले. जेनोवेफा पांढरीफटक पडली, पण जागची हलली नाही.

काका उठले आणि सरळ माझ्यापुढे आले. मी एप्रन पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"माझ्या लेकीशी नाचायला मी पैसे देणार नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग तिच्याकडे वळून हळूच विचारलं, "चालेल ना गं?"

तिनं नुसता हात पुढे केला.

काकांना नाच कुठला यायला! ते तिच्या पायांवर पाय देत राहिले, आणि ती रडत रडत त्यांना सांभाळून नेत राहिली.