बुरशीची लेन्स

नगरला माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकं मुख्यतः लग्नाच्या मुली. स्थळाला पाठवायचा फोटो काढायचा आणि मग काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं वण, खड्डे, सुरकुत्या बुजवायच्या, हे माझं खरं काम. फोटो काय, कुणीही काढतो. माझी पेन्सिल नावाजलेली होती.

सगळ्यात चांगलं काम मी धाकट्या बहिणीच्या फोटोवर केलं. तिच्या तोंडावर देवीचे वण होते. सबंध दुपार घालवून मी एकूण एक वण बुजवला. त्या फोटोवर नेवाशाहून माणसं आली. बहिणीनं पोहे आणून ठेवले. मुलाच्या मामांनी पोहे संपवले, फोटो बघितला, आतल्या दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "आता मुलीला बोलवा की."

बहीण समोरच उभी होती.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटला.

सत्तर साल उलटलं तशा काचेच्या प्लेटा मिळेनाशा झाल्या. रोलचा कॅमेरा घेणं भाग होतं आणि नवा परवडणारा नव्हता. कॅम्पातले एक सुभेदार निवृत्त होऊन पारनेरकडे आपल्या गावी निघाले होते. त्यांच्याकडे एक जुना होता, वरून मान खाली घालून बघायचा, लेन्स बदलता येणारा. लेन्स दोन होत्या. माझ्या ऐपतीत एकच बसत होती. एक स्वच्छ होती, दुसरीला आतून बुरशी धरली होती.

"दोनी लावून बघा," सुभेदार म्हणाले. "खुशाल घरी न्या. तुमचं दुकान मला म्हाईत हाय."

एका रोलवर बारा फोटो. सहा या लेन्सनं, सहा त्या लेन्सनं. समोर बसायला बहीण. या कॅमेऱ्याच्या काचेत माणूस सुलटा दिसतो, पण डावं-उजवं उलटंच राहतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिला मधोमध आणायच्या नादात मी तिला इतकं सरकवलं, की ती शेवटी भिंतीला टेकली.

रोल धुतला. स्वच्छ लेन्सच्या फोटोत वण मोजून घ्यावेत असे होते. बुरशीच्या लेन्समध्ये एकही नव्हता, चेहरा सायीसारखा. मी खूश झालो. रोलची निगेटिव्ह बिस्किटाएवढी, तिच्यावर माझी पेन्सिल चालणार नव्हती. बुरशी ते काम आपण होऊन करत होती. आईनंही तोच फोटो पसंत केला.

बहिणीनं दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले.

"ही लेन्स घेतलीस, तर बघायला येणारांच्या डोळ्यालापण बुरशी लागाया पायजे," ती म्हणाली. "स्वच्छ घे. आन् त्यातलाच माझा फोटो पाठव."

"धंदा बसंल माझा," मी म्हणालो.

"धंद्याचं तुझं तू बघ. तोंड माझं हाय."

मी स्वच्छ लेन्स घेतली. यात माझं धैर्य काही नव्हतं. ती पुन्हा अबोला धरील, ही भीती होती. सुभेदार म्हणाले, "मी तर बुरशीवालीच घेतली असती."

तिचा फोटो तीन ठिकाणी पाठवला. दोन ठिकाणांहून 'पत्रिका जमत नाही' म्हणून परत आला. पत्रिका आम्ही पाठवलीच नव्हती.

तिसरा मुलगा राहुरीकडचा, शेतावर बियाणं निवडायच्या कामाला होता. आईला घेऊन आला. बहिणीनं पोहे आणले. त्यानं खिशातून फोटो काढला आणि माझं लक्ष आपोआप आतल्या दाराकडे गेलं. त्यानं फोटो बघितला, बहिणीकडे बघितलं, फोटो परत खिशात ठेवला.

"हीच की," तो आईला म्हणाला आणि पोह्यांची बशी उचलली.

पोहे देऊन मुलीनं आत जायचं असतं. बहीण आत गेली नाही. तिथंच सतरंजीवर बसली आणि त्याच्याकडे नीट बघू लागली. मला रडूच आलं. इतक्या मुलींचे फोटो काढले, पण माझा फोटो बघून 'हीच की' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.